भिकाजी वाचला

चांगुणा धावत गिरणीत पोचली, तेव्हा भिकाजी भाताच्या तुसात पडून झटके देत होता. तिला नवऱ्याच्या फिटा नव्या नव्हत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हातपाय आखडायचे, तोंडाला फेस यायचा आणि एक भाकरी भाजून व्हायच्या आत सगळं शांत व्हायचं. आज थांबेचना. थांबलं असं वाटायचं, आणि तो डोळे उघडायच्या आत पुन्हा सुरू.

"चप्पल हुंगवा त्येला," कुणीतरी म्हणालं.

"चप्पल ऱ्हाऊ द्या, गाडी बघा आदी!" चांगुणा ओरडली.

भिकाजीचा लहानपणापासूनचा सोबती साहेबराव धावला आणि फार्महाऊसवाल्या पाहुण्यांची जीप घेऊन आला. पौड गेलं, भूगाव गेलं, तरी भिकाजीचं अंग तिच्या मांडीवर उसळतच होतं.

पुण्याच्या दवाखान्यात शिरेतून औषध गेलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

"गोळ्या बंद केल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो, रोज घेत्यात."

साहेबरावानं मान खाली घातली. "वैनी, पंधरा दिस झालं संपल्यात. गिरणी सोडून गोळ्यांसाठी पुण्याला कवा जाऊ, म्हनायचा. तुमाला सांगू नगं म्हनला."

जेवण झालं की रोज ती त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत होती. मग तिच्यादेखत तो तोंडात काय टाकत होता?

पाच दिवस भिकाजीनं डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारची खाट रिकामी झाली. तिथलाही फिटेचाच पेशंट होता. "इतका वेळ फिट चालली की सगळेच परत येत नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले.

सहाव्या दिवशी भिकाजीनं पेज मागितली. चांगुणा व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. परत आली तेव्हा तो साहेबरावाशी बोलत होता.

"माजी आय न्हाई आली रं?"

साहेबरावानं चांगुणाकडे पाहिलं. म्हातारीला जाऊन सात वर्षं झाली होती. तिचं हागणंमुतणं चांगुणानंच काढलं होतं.

ती पुढे झाली. "अवो, मला तरी वळखलं का?"

त्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "तुमी... साहेबरावाच्या घरच्या का?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण भिकाजी कधीच चेष्टा करत नसे.

"कदाचित आठवेल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नाहीही. जीव वाचला, हे मोठं समजा."

पंधरवड्यानं घरी सोडलं. एस.टी.त साहेबरावानं भिकाजीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर गेला. चांगुणा भिकाजीच्या बाकाजवळ उभी राहिली. तो घाईनं खिडकीकडे सरकला, गुडघे आवरून घेतले, हात मांडीवर ठेवले.

"बसा की, बाई," तो म्हणाला. "जागा हाय."

चांगुणानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याला धक्का लागणार नाही अशी अंग चोरून बसली.