दारावरून न गेलेली राजूबाई

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. दोन झडपांपैकी उजवी झडप. निजामाच्या मुलखात, आळंदपासून सहा कोसांवरच्या एका खेड्यात, फसली १३३७ साली, म्हणजे इंग्रजी १९२७च्या सुमारास, सुताराने मला कडुलिंबाच्या लाकडातून घडवलं. मला बिजागऱ्या नाहीत. माझ्या खालच्या टोकाचा खुंट दगडाच्या खळग्यात फिरतो. त्यामुळे मला जरा वर उचललं की मी चौकटीतून सुटून येतो.

घर महादेवप्पांचं. ते तुरीचा व्यापार करत, आणि मोडलेली हाडंही बसवत. गाव त्यांना अप्पा म्हणे. कोणी पडलं की ते आधी मला काढायचे. पडलेल्या माणसाला माझ्यावर सपाट निजवायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना धोतराच्या गुंडाळ्या लावायच्या, आणि चौघांनी मला उचलायचं. मळणीच्या खळ्यावरून, चिंचेखालून, ओढ्यातून मी माणसं आणली. मागे उघड्या दारात अप्पांची बायको सिद्धव्वा तरट लावून बसायची. जाणारे-येणारे हसायचे, "अक्का, चोर आला तर?"

"त्याला म्हनावं थांब जरा, दार कामाला गेलंय," ती सांगायची.

दहा वर्षांनंतरची गोष्ट. भाद्रपद होता, बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. ग्यानबाची बायको राजूबाई घागर घेऊन वर येताना घसरली आणि चार पायऱ्या खाली पाठीवर आदळली. वय एकोणीस. ग्यानबा शेतात होता. कोणी त्याला बोलवायला धावलं, कोणी अप्पांकडे. मला घेऊन अप्पा आणि सिद्धव्वा आधी पोचले.

अप्पा तिच्याजवळ बसले. "राजूबाई, माय, उठू नको. मान हालवू नको. पायाची बोटं तेवढी हालव."

बोटं हलली. जोडवी दगडावर वाजली.

"हालतेत की गं!" सिद्धव्वा म्हणाली.

मला तिच्या शेजारी टेकवलं. एवढ्यात ग्यानबा आणि त्याची चुलती कलाबाई आली. कलाबाईने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"जित्या सवाष्णीला आडवं घालून चौघांच्या खांद्यावर न्यायलाव? माझ्या डोळ्यांदेखत न्हाई!"

"काकू, पाठीला मार हाय. वाकवू नका तिला," अप्पा म्हणाले. "अन् आमच्या लिंगायतांत मेलेल्याला बसवून नेतेत. तुमी हिला बसवून न्यायलाव, मग मी काय म्हनावं?"

"तुमचं तुमच्यात, अप्पा. आमच्यात आडवं एकदाच जातेत."

तोवर वर काठाला सारं गाव जमलं होतं. राजूबाईचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "आवं, मला उचला अन् घरी न्या. समदे बघायलेत."

ग्यानबाने तिला दोन्ही हातांवर उचललं. कंबरेत ती वाकली. एकदाच ओरडली. पायऱ्या चढताना तिचे पाय लोंबत होते, आणि जोडव्यांचा आवाज नव्हता.

मी रिकामाच घरी आलो.

राजूबाई पुन्हा चालली नाही. महिन्याने ग्यानबा अप्पांकडे आला. आत शिरला नाही. माझ्यावर हात टेकून उभा राहिला.

"अप्पा, खरं सांगा. मी उचललं म्हनून झालं का?"

अप्पा उठून दाराशी आले. मग म्हणाले, "न्हाई रे बाळा. पडली तवाच झालतं."

"व्हय?"

"व्हय."

तो गेला. आत सिद्धव्वा पदर तोंडाशी धरून रडली. ते खोटं होतं हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. राजूबाईलाही ठाऊक होतं. नऊ वर्षं ती अंथरुणावर होती. ग्यानबा तिची वेणी घालायचा, कूस बदलायचा. लोक म्हणाले, दुसरी कर. त्याने केली नाही. तिने त्याला बोटं हलल्याचं कधी सांगितलं नाही.

पण त्या खोट्याची एक किंमत होती. गावाने मानलं की नशिबात होतं तेच झालं, उचलण्यात काही चूक नव्हती. तिसऱ्या वर्षी गावातलाच गुरप्पा गोठ्यातल्या चिखलात घसरला. त्याला काखेत धरून उभं केलं, पाठीला तेल चोळलं, चालवून पाहिलं. मला घ्यायला कोणी आलं नाही. गुरप्पाही पुन्हा चालला नाही. त्या दिवशी अप्पा अंगणात बसून होते, आणि त्यांनी जेवणाला हात लावला नाही.

आज अप्पा नाहीत, सिद्धव्वा नाही. राजूबाईमागे वर्षभरात ग्यानबाही गेला. ज्याला खरं ऐकून दुखलं असतं असं कोणी उरलं नाही. मी ओलीने फुगून चौकटीत अडकलो आहे आणि कोणी मला उघडत नाही. म्हणून आता सांगतो.

मित्रांनो, कोणी घसरून पडलं तर घाईने उठवू नका. कुठे दुखतं ते विचारा, हातापायांची बोटं हलतात का ते पाहा, जाणता माणूस आणि फळी येईपर्यंत त्याला आहे तसं राहू द्या. तो म्हणेल, मला उचला, सगळे बघायलेत. तेव्हा त्याच्यावर धोतर पांघरा, आणि त्याच्याकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभे राहा.

राजूबाईला त्या दिवशी तेवढंच हवं होतं.