रोशनीच्या घरातला डास

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझी भिंगं बसली आणि तिथून मी दिल्लीतल्या एका मलेरिया प्रयोगशाळेत आलो. माझ्याखाली फुलंपानं कधी आली नाहीत. आले ते डास. त्यांच्या पंखांवरचे ठिपके, पायांवरचे पट्टे माझ्यातून न्याहाळून तज्ज्ञ सांगत, हा मलेरिया पसरवतो, हा नाही. पाहुणे आले की मला कौतुकानं दाखवत. मग शेजारच्या खोलीत जनुकं तपासणारी यंत्रं आली. डासाचा एक पाय दिला तरी ती त्याची जात सांगत. माझ्यावर धूळ बसू लागली. इथल्या डासतज्ज्ञ समताताई तेवढ्या मला आठवणीनं पुसायच्या.

गेल्या सप्टेंबरात त्या दिल्लीजवळच्या मानेसरहून डास घेऊन आल्या. तिथल्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या सुगतची बायको, रोशनी, मलेरियानं गेली होती. दोघं यवतमाळकडची, नवा संसार. घरात पकडलेल्या डासांच्या पंखांवरचे खवले झडले होते. ताईंनी पायांवरचे बारीक पांढरे शिंतोडे पाहून हा मलेरिया पसरवणाराच, असा अंदाज बांधला, आणि एक पाय यंत्राकडे पाठवला. अंदाज खरा निघाला.

काही दिवसांनी सुगत स्वतः आला.

“ताई, बाहेरच्या गटारातलाच होता ना तो? सगळे तेच म्हणतात.”

ताईंनी त्याला खुर्ची दिली. “नाही, सुगतभाऊ. हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं, तिच्यात अळ्या सापडल्या. आणि तुमच्या कूलरमध्येही.”

“कूलर मीच आणला होता. तिला दिवस गेले होते, उकाडा सोसत नव्हता. पाणीही मीच भरायचो. म्हणजे मीच...”

“तिला चावलेला डास टाकीतला की कूलरमधला, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. मी खोटा धीर देणार नाही. पण तुम्ही ते पाणी तिच्यासाठी भरत होतात, हेही खोटं नाही.”

“मला बघू द्या,” तो म्हणाला.

तो माझ्यावर वाकला. त्याच्या ओल्या पापण्या माझ्या काचेला लागल्या. झडलेल्या पंखावर उरलेले काळे-पांढरे ठिपके तो कितीतरी वेळ पाहत राहिला.

“किती नाजूक नक्षी आहे, यार,” तो स्वतःशीच पुटपुटला. “रोशनीनं हौसेनं पाहिली असती.”

मग तो उठला आणि निघून गेला. त्या दिवशी ताईंनी माझी काच लगेच पुसली नाही.

मित्रांनो, कूलरचं पाणी दर आठवड्याला ओतून टाका, तो घासून वाळवा. टाकीचं झाकण घट्ट लावा. मी आणि ती नवी यंत्रं मिळून डासाचं नाव नेमकं सांगू; पण डास आमच्यापर्यंत पोचतो, तेव्हा कुणाच्या तरी घरी उशीर झालेला असतो.