उन्हाळ्यात मला पाणी नको

मारिसेला मला रोज पाणी पाजते, हीच माझी तक्रार आहे, मित्रांनो. हसू नका. मी कॅलिफोर्नियातल्या एका अंगणातली जुनी ओक आहे. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात येतो, उन्हाळाभर तोंड दाखवत नाही. ते कोरडे महिने म्हणजे माझी झोप.

मला लावलं मारिसेलाच्या सासूने, रेफूहियाने. टेकडीवरून वेचलेली ओकची फळं तिने बादलीतल्या पाण्यात टाकली. तरंगली ती किडकी, ती फेकली. मी तळाशी बसले, म्हणून मातीत गेले. पहिली दोन वर्षं तिने मला पाणी दिलं, मग हात आखडला. "आता तुझं तू बघ, बाई," म्हणाली. मला राग आला. पण त्या रागातच माझी मुळं खोल गेली.

पुढे चाळीस वर्षं ती माझ्या सावलीत घेवडा सोलत बसली आणि अर्ध्या गल्लीचा उद्धार करत राहिली. माझी गळलेली पानं कुणाला झाडू दिली नाहीत. "झोपलेल्याचं पांघरूण ओढता का?" म्हणायची. मग तिचे गुडघे गेले, लेक तिला शहरात घेऊन गेली. फाटक वाजलं की अजून वाटतं, तीच आली.

मारिसेला मनाची वाईट नाही. तिने पानं झाडली, बुंध्यापर्यंत हिरवळ लावली, रोज सकाळी फवारा सुरू केला.

"आईंचं झाड आहे. वाळलं तर त्या मला सोडतील का?" ती नवऱ्याला म्हणाली.

"मला नको विचारू," एझेकिएल म्हणाला. "मी या झाडाखाली फक्त मार खाल्लाय."

माझी मुळं कुजू लागली, शेंडे वाळले. वाळके शेंडे पाहून तिने पाणी दुप्पट केलं! मित्रांनो, जीव लावण्याआधी समोरच्याची सवय तरी विचारावी.

गेल्या रविवारी फाटक वाजलं आणि खरंच रेफूहिया आली. बुंध्यावर अळंबी उगवलेली पाहून ती बसलीच नाही. मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि स्वतः जाऊन नळ बंद केला.

"मी तर हिला पोरीसारखं जपलं, आई!" मारिसेला रडवेली झाली.

"जपलंस गं, पण बुडवून," रेफूहिया म्हणाली. "हे गवत उद्या उपट. जगली तर तिचं नशीब. आणि पाणी द्यायला हात फारच शिवशिवत असेल, तर मला पेलाभर आण. मी ऐंशीची आहे, मला लागते तहान."