आखाजीचा मुराळी

समुद्र बघायला म्हणून आले आणि पाऊस बघत बसले, अशी मंजुळाबाईंच्या घरच्यांची गत झाली होती. वैशाखात दिवसभर पाऊस पडतो म्हटलं तर शिरपूरकडे कुणी ऐकूनही घेतलं नसतं. पण इथे बोर्डीच्या किनाऱ्यावर त्याला जाब कोण विचारणार? दर्यात कुठेतरी वादळ उठलंय, आज पाण्याकडे फिरकू नका, असं घरमालकीण सकाळीच सांगून गेली होती. मुलगा नवल देवपूरच्या शाळेत मास्तर. त्याने नावेची फेरी, किल्ला, शहाळी असं सगळं शाळेच्या तासांसारखं आखून ठेवलं होतं. आता तो मोबाईलमधलं आभाळ बघायचा, मग मान वर करून खरं आभाळ बघायचा, आणि दोन्हीकडे सारखंच दिसलं की चिडायचा.

मंजुळाबाई मात्र मनातून खूश होत्या. ऊन पडलं असतं तर सगळे चार दिशांना पांगले असते. चिकूच्या वाडीतल्या या अंगणात समोरासमोर दोन खोल्या होत्या. एकीत त्या, नवल आणि त्यांचे मालक भिकनआबा. समोरच्या खोलीत लेक सारिका, जावई धर्मेंद्र आणि चार वर्षांची नात पुनम. मधे अंगण आणि त्यात पाऊस. लेक आज दिवसभर डोळ्यांसमोर राहणार होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी दहा समुद्र ओवाळून टाकले असते.

सहलीचं खरं कारण समुद्र नव्हताच. सहा वर्षांपूर्वी सारिकाने कॉलेजातल्या धर्मेंद्रशी लग्न केलं. पोरगा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, शिकलेला, निर्व्यसनी, सुरतेला चांगल्या नोकरीत. पण जात वेगळी. भाऊबंद काय म्हणतील, या एका धाकापायी आबांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. भांडले नाहीत, वाईटसाईट बोलले नाहीत. फक्त आखाजीला लेकीला आणायला गेले नाहीत आणि नवलला जाऊ दिलं नाही.

ज्याला आखाजी ठाऊक नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरची लेक माहेरी येते, दारच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते, आमरस-पुरणपोळी खाते. पण ती आपली आपण येत नाही. बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन तिच्या सासरच्या दारात जातो, पोरीला पाठवा म्हणतो, तेव्हा ती पिशवी भरते. मुराळी आलाच नाही, तर लेकीने काय समजायचं ते समजायचं. सुरत काही लंकेत नाही, पण तेवढा रस्ता आबांच्याने कापवला नाही. दरवर्षी मंजुळाबाई पोळ्या लाटायच्या आणि दारच्या निंबाकडे बघायचं टाळायच्या.

शेवटी नवलनेच तोड काढली. ना तिच्या घरी, ना आपल्या घरी, तिसरीकडे भेटू. आबा समुद्राचं नाव पुढे करून तयार झाले, हेच मोठं नवल. नरडाण्याला गाडीत बसले. सुरत आलं आणि सारिका नवऱ्याला नि पोरीला घेऊन त्याच डब्यात चढली. तेव्हा आबा दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर असे टक लावून बघत राहिले, जसा काही समुद्र तिथेच सुरू झाला होता.

तारखा ठरवताना नवलने सुट्ट्या तेवढ्या बघितल्या. मधला दिवस आखाजीचा, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नाही. मंजुळाबाईंच्या आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. आबांनीही पितरांची घागर भरायचं काम पुतण्या जीवरामला गुपचूप सांगून ठेवलं. रिकामा निंब बघायला नको, म्हणून ते सणाच्या दिवशी गावाबाहेर पळताहेत, असा मंजुळाबाईंनी अर्थ काढला. आणि त्यांनी बॅगेच्या तळाशी, पापडांच्या खाली, घरचा झोक्याचा दोर घातला.

आज तोच दिवस होता, आणि दुपारी पावसाने जास्तच जोर धरला. मालकिणीच्या स्वयंपाकघरात मंजुळाबाईंनी आंब्यांचा रस काढून ठेवला, सांजोऱ्यांचा डबा उघडला आणि दोर बाहेर काढला. नवलने मुकाट्याने स्टुलावर चढून तो आपल्या पडवीच्या वाशाला बांधला. उशी घडी करून बसायला ठेवली. आबा खाटेवर बसून बघत होते. दोर त्यांनी ओळखला.

पुनम पावसातून धावत आली आणि झोक्यावर चढली. तिला कसला आलाय मुराळी? तिची चपळाई बघून समोरच्या पडवीत धर्मेंद्र हसला. सारिका खांबाला टेकून उभी होती. तिची नजर पोरीवर नव्हती, दोरावर होती. लहानपणी तिच्याच हातांनी त्या दोराला जागोजाग गुळगुळीत केलं होतं.

मंजुळाबाईंनी हाताने ये म्हणून खुणावलं. सारिका हलली नाही. त्यांनी पुन्हा खुणावलं. दहा पावलांचं अंगण, पण पोर पाऊल उचलेना. मग ती बोलली, पावसाच्या वरताण आवाज काढून, पण रागाने नाही.

"माले लेवाले कोन्ही उनं नही, माय. मी कशी येऊ?"

न्यायला कुणी आलं नाही, मग येऊ कशी? सहा वर्षांत फोनवर पोरीने एकदाही हे विचारलं नव्हतं. कशी आहेस, बरी आहे, पुनमला दात आले, एवढंच चालायचं. आणि ती मात्र तिकडे दर आखाजीला दाराकडे बघत बसली असणार.

नवल ताडकन उठला. मुराळी भाऊही होऊ शकतो, त्याला कोण अडवणार होतं? त्याने एक पाय अंगणात टाकला तोच मागून आबांचा आवाज आला.

"नवल, तू बठ."

नवल थांबला. समोर सारिकाने मान खाली घातली. मंजुळाबाईंना वाटलं, आता बस झालं. आता मात्र या माणसाशी आपण बोलायचं नाही, गावी गेल्यावरही नाही, कधीच नाही. आबा उठून आत गेले. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

ते बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर उपरणं. लग्नाकार्याला घालायचे कपडे हे गृहस्थ समुद्रावर कशाला घेऊन आले होते? मंजुळाबाईंना एकदम कळलं, आणि आपण काढलेला अर्थ किती खोटा होता तेही कळलं. आबांनी छत्री घेतली नाही. अंगण ओलांडेपर्यंत सदरा अंगाला चिकटला. लेकीकडे न बघता ते जावयाच्या पायरीखाली उभे राहिले. पायरी चढले नाहीत. सहा वर्षांत त्याच्याशी बोललेले त्यांचे हे पहिले शब्द.

"जवाईबापू, पोरले लेवाले उनू शे. धाडतस का?"

धर्मेंद्र गडबडला. मग आत जाऊन तांब्या घेऊन आला, दोन्ही हातांनी पुढे केला.

"आधी पाणी घ्या, आबा. मग न्या तिला."

आबा पाणी प्यायले. सारिका खोलीत गेली आणि लवकर बाहेर येईना. मंजुळाबाई तळमळत उभ्या राहिल्या. संध्याकाळपुरतं समोरच्या पडवीत यायचं, त्याला पदर सावरण्यापलीकडे काय तयारी लागते?

सारिका आली ती मोठी बॅग घेऊन. सुरतेहून आणलेली, तिचे आणि पुनमचे सगळे कपडे भरलेली, चेन लावलेली. ती बापापुढे उभी राहिली आणि बॅग पायाशी ठेवली. आबांनी बॅगेकडे बघितलं. इथे नेण्यापुरतं ते बोलले होते की गावच्या निंबाखाली नेण्याचं, हे आता त्यांना सांगावं लागणार होतं. गाव, भाऊबंद, त्यांचे वटारलेले डोळे, सगळं त्या बॅगेशी येऊन उभं राहिलं होतं.

आबांनी वाकून बॅग उचलली आणि खांद्यावर घेतली. म्हातारपणी जड गेली, पण धर्मेंद्रला हात लावू दिला नाही.

"गाडी सकायनी शे," ते लेकीला म्हणाले. "आते झोका खाई ले."

सारिका बापाच्या मागोमाग अंगण ओलांडत आली. मंजुळाबाईंनी पुनमला कडेवर घेतलं आणि झोका मोकळा केला. डोळे पुसायला पदर कोरडा नव्हता. उद्याची गाडी त्यांना आत्ताच दिसू लागली. मधे सुरत येईल, फलाट दिसेल, गाडी थांबेल, आणि सारिका उतरणार नाही.