पिपची चौकशी

जानेवारीत पिपची ट्रॅकवर पहिली चाचणी झाली, तेव्हा मी हातातलं घड्याळ दोनदा झटकलं. सव्वापाचशे यार्डांची धाव, पुढे पळणारा खोटा ससा, सगळं नेहमीचंच होतं. वेळ मात्र नेहमीची नव्हती. पावणेदोन वर्षांची कुत्री एकोणतीस सेकंदांच्या आत आली होती.

"घड्याळ बिघडलंय," मी म्हणालो.

"घड्याळ नाही कॉन, तुझे डोळे फिरलेत," फिलोमेना म्हणाली. तिने पिपच्या तोंडावरचं मुसकं काढलं आणि थंडीने लाल झालेल्या हातांनी तिचे कान चोळले. हसू मात्र तिला आवरत नव्हतं.

आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीत, क्लोनरोव्ह गावाबाहेर फिलोमेना टूहीच्या घरचं केनेल आहे, शर्यतीची कुत्री सांभाळायची जागा. चौदा ग्रेहाउंड, एक लांब कुरण आणि एक जुनी व्हॅन. मी तिथे एकवीस वर्षं काम केलं. आधी फिलोमेनाच्या वडिलांच्या हाताखाली, मग त्यांना ऐंशी लागली तसं परवान्यावर तिचं नाव आलं, म्हणून तिच्या हाताखाली. म्हाताऱ्याचं नाव जेरेमाया, पण मी त्यांना कायम बॉसच म्हणायचो. सगळ्या काउंटीत त्यांच्या हातांची ख्याती होती. कुत्र्याच्या पायावरून नुसता अंगठा फिरवून ते दुखणं सांगायचे. अलीकडे मात्र बॉस माणसांची नावं विसरत. दोनदा नाश्ता करत, आणि कधी कधी तिसऱ्यांदा मागत.

"डॅडी, आत्ताच अंडी खाल्लीत की तुम्ही."

"मग ती कोंबडीने परत घेतली वाटतं," असं म्हणून ते मोकळे व्हायचे. आम्हीही हसायचो. तोवर ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

वसंतात पिपने पाच शर्यती मारल्या. जुलैत कुत्र्यांच्या माद्यांची एक मोठी स्पर्धा असते, तिची अंतिम फेरी तिने गाठली. त्या संध्याकाळी लख्ख ऊन होतं. पिपला सुटण्याची दुसरी पेटी, अंगात निळं जाकीट. दारं वर गेली आणि पहिल्या वळणावर लाल जाकीटवाली आत घुसून तिला भिडली. फिलोमेनाची बोटं माझ्या दंडात रुतली. पिप हेलपाटली, सावरली आणि मागच्या सरळ पट्ट्यावर अशी काही सुटली की बाकीच्या पाचजणी जागच्या जागी पळताहेत असं वाटावं. कुत्र्याच्या दोन लांबींएवढ्या अंतराने जिंकली ती. शर्यतीनंतर नियमाप्रमाणे एक अधिकारी लांब दांड्याची पळी घेऊन आला, पिपच्या लघवीचा नमुना घेतला, दोन बाटल्या सीलबंद केल्या आणि फिलोमेनाने सही केली. आमचं लक्ष करंडकाकडे होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. मी आवारात पाणी मारत होतो. फिलोमेना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात कागद.

"मॉर्फिन," ती म्हणाली.

"काय?"

"पिपच्या नमुन्यात मॉर्फिन सापडलंय, कॉन."

मी पाण्याचा नळ बंद केला. आमच्या धंद्यात परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. मला ठाऊक नव्हतं, हे उत्तर चालत नाही. दुसरी बाटलीही तपासली गेली, तिच्यातही तेच निघालं. सप्टेंबरातली चौकशीची तारीख पडली. आमच्या चाचण्या बंद झाल्या नाहीत, पण ट्रॅकवर गेलो की लोक बोलता बोलता थांबायचे. एकाने मला पाहून "आज हळू पळायचं औषध की जोरात पळायचं?" असं विचारलं आणि आजूबाजूचे चहाच्या कपात तोंड घालून हसले.

फिलोमेनाने खाटकाकडून आलेल्या मांसाची पिशवी न् पिशवी तपासून घेतली. मलमं पाहिली, पावडरी पाहिल्या. कुठेच काही नाही. मग तिने माझ्याकडे बघायला सुरुवात केली. बोलली नाही, नुसती बघायची. मी खाणं कालवत असलो की तिला बरोबर त्याच वेळी तिथे काहीतरी काम निघायचं. पिपच्या खोलीला एके दिवशी नवं कुलूप दिसलं. किल्ली तिच्या गळ्यात.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "एकदा तोंडाने बोल, फिलो. एकवीस वर्षं झालीत."

"ठीक आहे," ती म्हणाली. "फायनलच्या दिवशी सकाळी तू क्वर्कबरोबर काय बोलत होतास? पेट्रोल पंपामागे. पंपावरच्या मॉरीनने पाहिलं तुम्हाला."

फिंटन क्वर्क हा ट्रॅकवर पैजा घेणारा माणूस. पिप हरली असती तर त्याचं भलं झालं असतं. मी त्याच्याशी बोललो होतो हे खरं. पण त्याचा चुलतभाऊ इंग्लंडात, एसेक्समध्ये मोठं केनेल चालवतो आणि त्याला जाणता माणूस हवा होता. राहायला खोली, रविवारी सुट्टी. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती, घरात भिंतींशी बोलून मी कंटाळलो होतो. मी विचार करतो म्हणून सांगितलं होतं आणि फिलोला सांगायचा धीर झाला नव्हता. आता सांगितलं.

"म्हणजे तू जाणार होतास," ती म्हणाली.

"विचार करत होतो."

"आणि मला आत्ता कळतंय. मग तुझ्या बाकीच्या गोष्टी मला केव्हा कळायच्या?"

हातातली बादली मी खाली ठेवली, आपटली नाही. "माझा या महिन्याचा हिशोब राहू दे," म्हणालो, आणि घरी आलो. त्याच संध्याकाळी एसेक्सला फोन केला. शुक्रवारची, रॉसलेअर बंदरातून सुटणारी बोट ठरली.

गुरुवारी सकाळी माझे रबरी बूट आणायला केनेलवर गेलो. फिलो व्हॅन घेऊन बाहेर गेली होती. बॉस पिपच्या खोलीसमोर, जाळीशी वाकून उभे होते. दाराला कुलूप होतं, पण जाळीतून हात जात होता. हातात ब्राउन ब्रेडचा तुकडा, वर बोटभर लोणी. पिप शेपटी हलवत तोंड पुढे करत होती. लोण्यात काहीतरी पांढरं रुतलेलं मला दिसलं.

मी पळत गेलो आणि त्यांचं मनगट धरलं. एकवीस वर्षांत मी त्या माणसाला कधी हात लावला नव्हता.

"बॉस, हे काय आहे?"

"सोड रे, दुखतंय," ते चिडले. "गोळी आहे. माझ्या कंबरेची. फार गुणाची आहे, अर्ध्या तासात आराम पडतो."

"पिपला कशाला?"

"उजवं मनगट दुखतंय तिचं. पुढच्या पायाचं. कोणी बघतच नाही, नुसतं पळवत सुटलेत. मीच देतो तिला, दुखलं की."

"जुलैतही दिलीत?"

त्यांनी आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या आणि मग चेहरा एकदम लहान मुलासारखा कोरा झाला. "जुलै होऊन गेला का?" त्यांनी विचारलं.

ब्रेडचा तुकडा मी माझ्या खिशात घातला. त्यांच्या कंबरेच्या गोळीत कोडीन होतं, आणि अंगात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं, हे मला औषधाच्या दुकानातल्या बाईने नंतर समजावलं. पण त्या क्षणी ते समजायला दुकानाची गरज नव्हती. मी उलट्या बादलीवर बसलो आणि बॉस मला म्हणाले, "तुझं काय दुखतंय?"

फिलो परतल्यावर मी तो तुकडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. काय पाहिलं ते सांगितलं. मग तिने बॉसच्या गोळ्यांची डबी काढली, मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या.

"गोळ्या मीच मोजून देते त्यांना, रोज," ती म्हणाली. "समोर बसून. ते त्या गालात धरून ठेवत असणार." मग म्हणाली, "चौकशीत डॅडींचं नाव घ्यायचं नाही."

"मग काय सांगणार?"

"माहीत नाही म्हणून सांगणार. शिक्षा व्हायची ती मलाच होणार आहे, कारण काहीही असो. त्यांचं नाव कशाला घालवू? साठ वर्षांत त्या माणसावर एक बोट उठलं नाही."

"आणि माझ्यावर उठलंय ते?"

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे मला."

"मी खोटं बोलणार नाही, फिलो. आपणहून सांगायला जाणार नाही. पण विचारलं, तर सांगेन."

शुक्रवारची बोट मी सोडली. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. साक्षीसाठी मला बोलावलेलं होतं, हे एक. आणि नुसता निघून गेलो असतो तर क्लोनरोव्हमध्ये जन्मभर तोच अर्थ निघाला असता.

चौकशी शहरातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलापलीकडे तिघं, मधोमध करड्या केसांची एक बाई, पेशाने वकील. बॉसना शेजारणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण त्यांनी सकाळीच सूट चढवला, टाय बांधला आणि गाडीत जाऊन बसले. "माझ्या कुत्रीचा प्रश्न आहे," म्हणाले. त्यांना कोण उतरवणार? आता ते मागच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

फिलोने ठरल्याप्रमाणे उत्तरं दिली. माहीत नाही. सापडलं नाही. सगळं तपासलं. मग बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मिस्टर लेसी, शर्यतीच्या दिवशी कुत्रीला खायला कोणी घातलं?"

"मी. सकाळी दूध, मध आणि ब्रेड."

"त्याच दिवशी तुम्ही एका पैजवाल्याला भेटलात, अशी आमच्याकडे माहिती आहे."

"भेटलो. नोकरीसंबंधी."

"नोकरीसंबंधी," बाईंनी लिहून घेतलं. त्यांच्या डावीकडचा माणूस हलकेच हसला. "त्या कुत्रीच्या खोलीपर्यंत तुमच्याशिवाय आणखी कोण जाऊ शकत होतं?"

मी फिलोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय बोललो असतो, देव जाणे. टेबलावरच्या पाण्याच्या जगकडे बघत मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझे वडील," फिलो उभी राहून म्हणाली. "माझ्या वडिलांनी दिली. त्यांची कंबरदुखीची गोळी, लोण्यात घालून. कॉन लेसीने काही केलेलं नाही. हे मला गेला पंधरवडा माहीत आहे आणि आत्ता मी तुमच्याशी खोटं बोलले."

मागून आवाज आला, "मी?"

फिलो वळली. बॉस उभे राहिले होते, टोपी खाली पडली होती.

"हो, डॅडी."

"पिपला? शर्यतीआधी?"

"हो."

साठ वर्षं त्या माणसाने औषध चारणाऱ्यांना ट्रॅकवर सगळ्यांदेखत शिव्या घातल्या होत्या. मी त्यांना बसवायला उठलो तर त्यांनी माझा हात झटकला आणि टेबलाकडे चालत गेले.

"मॅडम," ते म्हणाले, "मला आठवत नाही. पण माझी मुलगी म्हणते तर दिली असेन. तिचं मनगट दुखत होतं, एवढं आठवतंय. काय दंड करायचा तो मला करा."

"परवाना तुमच्या नावावर नाही, मिस्टर टूही," बाई म्हणाल्या, पण आवाज बदलला होता.

निकाल पंधरा मिनिटांत लागला. करंडक परत, फिलोचा परवाना तीन महिने बंद. आणि सुरुवातीला खोटं बोलल्याबद्दल एक खरमरीत ताकीद.

गाडीत बॉस झोपले. मग फिलो म्हणाली, "मी तुला चोर समजले."

"समजलीस."

"आता इंग्लंडला जाणार?"

"आता कुठे? कुत्र्यांना कोण बघणार?"

तीन महिने कुत्री तिच्या नावावर पळू शकत नव्हती, म्हणून चांगली सहा जनावरं कॉर्कमधल्या एका ट्रेनरकडे पाठवली. पिपबरोबर मीही गेलो. पहिल्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरने तिच्या पायाचा एक्स-रे काढला आणि मला आत बोलावलं. उजव्या मनगटाच्या एका हाडाला केसाएवढी चीर होती, जुनी, अर्धवट भरत आलेली. अशीच पळत राहिली असती तर एखाद्या वळणावर पाय तुटला असता. मी तिथूनच फोन लावला. फिलोला सगळं दोनदा सांगावं लागलं. मग तिने फोन बॉसच्या कानाला लावला असावा, कारण पलीकडून म्हातारा आवाज आला, "मग? मी काय सांगत होतो?"

चौकशीनंतर ते केनेलकडे फिरकत नव्हते. दारातून कुत्र्यांचं भुंकणं ऐकायचे आणि खुर्चीत परत बसायचे. त्या दिवसापासून फिलो त्यांना रोज सकाळी स्वतः घेऊन जाऊ लागली, खिसे तपासून. एकेका कुत्र्याचे पाय ते चाचपायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची. दहातलं एखादं चुकायचं. कधी कधी तेच कुत्रं पुन्हा तपासायचे, तर ती पुन्हा लिहायची.

पिपला दहा आठवडे विश्रांती दिली. पट्ट्याला धरून नुसतं चालवायचं. ती मला ओढायची आणि मी तिला शिव्या द्यायचो. डिसेंबरात परवाना परत आला, कुत्री घरी आली. ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात एका साध्या शर्यतीत तिचं नाव घातलं. फिलोने दोन वेळा ते मागे घ्यायला फोन उचलला आणि खाली ठेवला.

त्या दिवशी गारठा असा होता की ट्रॅकवरची वाळू गोठून दगड होईल म्हणून शर्यती रद्द व्हायची भीती होती. पिपला सहावी पेटी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाकीट. ससा समोरून खडखडत गेला. पिप उशिरा सुटली. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले, खरंच मिटले. उघडले तेव्हा ती चौथी होती, बाहेरून मोकळी धावत होती, उजवा पाय बिनधास्त टाकत होती. शेवटच्या वळणावर तिसरी. रेषेवर तिघीजणी एकत्र. फोटो बघून निकाल दिला, नाकाच्या टोकाने पिप.

फिलो ओरडली नाही. पळीवाला अधिकारी आमच्याच दिशेने येत होता.

या वेळी आम्ही दोघं त्या दोन बाटल्यांवरून नजर हलवू शकलो नाही. सही करताना फिलोचं पेन दोनदा अडलं.

मग अडीच आठवडे पोस्टमनची गाडी. सकाळी दहाला ती चढावर दिसायची आणि आमचं बोलणं बंद व्हायचं. खिसे तपासले होते, गोळ्या मोजल्या होत्या, जाळीला आतून फळी ठोकली होती. तरीही फिलो रोज विचारायची, "काही राहिलं तर नसेल ना?" आणि मी रोज नाही म्हणायचो, आणि रोज माझी खात्री थोडी कमी असायची.

जानेवारीच्या तिसऱ्या बुधवारी पाकीट आलं. तिने ते माझ्या हातात दिलं. "तू फोड."

मी फोडलं, वाचलं. पहिली ओळ वाचून पुन्हा वाचली.

"स्वच्छ," मी म्हणालो. "काही नाही त्यात."

फिलो खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बॉसनी टोस्टवरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं तिला? कोण गेलं?"

"कोणी नाही, बॉस. पिप जिंकली."

"मग रडते कशाला?" ते म्हणाले आणि त्यांच्या ताटलीतला दुसरा टोस्ट तिच्यापुढे सरकवला. "खाऊन घे. कुत्री वाट बघताहेत."