एकसष्ट वेळा ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जिन्याखालच्या कपाटात, मोडक्या पंख्याशेजारी सध्या माझा मुक्काम असतो. पोटात एका कोळ्याने संसार थाटला आहे आणि कळफलकाची दोन बटणं कधीच गळून पडली आहेत. पण माझी कीव करू नका. मी आयुष्यात कुणाची केली नाही.

माझा जन्म एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर झाला. चार खोक्यांतून माझे चार भाग काढून त्याने मला जोडलं आणि बाबांच्या घरी आणून बसवलं. बाबा म्हणजे इतरांच्या घरांचे नकाशे काढण्यात हयात घालवलेला माणूस. त्यांना दोन मुली. थोरली खालच्या खोलीत माझ्यावर काम करायची. धाकटी वरच्या खोलीत तिच्या छोट्या लॅपटॉपवर. लॅपटॉपमध्ये जागा बेताची, म्हणून बाबांनी वरून खाली तार ओढली आणि माझ्या पोटात धाकटीसाठी एक फोल्डर मोकळा केला.

पण आठवडाभर काही जमेना. धाकटीला मी दिसायचो, पण फोल्डर उघडायला गेली की मी नाही म्हणायचो. बाबांनी तार बदलली, राउटर कपाटावरून टेबलावर आणला. शेवटी दुरुस्तीवाला आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला.

“काका, पासवर्ड काय ठेवलाय?”

“पासवर्ड कशाला? घरात कोण चोर आहे?”

“तिथंच गाडी अडली. ज्याच्या नावाला पासवर्ड नाही, त्याला हे तारेवरून आत घेत नाही.”

“कमाल आहे! कुलूप नाही म्हणून दार उघडत नाही, असलं घर मी जन्मात काढलं नाही,” बाबा म्हणाले. पण त्यांनी मुकाट्याने दोघींच्या नावाने वेगवेगळे पासवर्ड ठेवले. माझा सगळा कारभार मात्र थोरलीच्या हाती दिला. ती मोठी, तिला कळतं, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या वर्षी ते गेले.

माझी उमेदीची वर्षं ती. थोरली घरी बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायची. धाकटी कीटकांची चित्रं काढायची. भुंगे, चतुर, नाकतोडे. एकेका पायावरची लव मोजून काढायची. कागदावर काढलेलं चित्र माझ्या शेजारच्या स्कॅनरवर घालायची, वर जाऊन लॅपटॉपवर रंगवायची आणि पूर्ण झालं की माझ्या पोटात ठेवायची. “हा डबा म्हणजे माझा जीव आहे,” असं ती मैत्रिणींना सांगायची. स्तुती ऐकून मी फुगलो नाही, फक्त माझा पंखा जरा जास्त फिरला.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिचा पलंग माझ्या समोरच लावला, कारण थोरली दिवसभर त्याच खोलीत. दोघी बहिणी आळीपाळीने करायच्या, पण आळीपाळी ही सांगायची गोष्ट. दुपारी कूस बदलणं, पाठ पुसणं, चमच्याने पेज भरवणं थोरलीच्याच वाट्याला यायचं. दोन वर्षांत तिचे केस पांढरे झाले. हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाही. जे पाहिलं ते सांगतो.

एक दिवस धाकटी धावत खाली आली. लांबच्या शहरातल्या एका संग्रहालयाला कीटकांची चित्रकार हवी होती. राहायला खोली, कायमची नोकरी. पूर्ण झालेली ऐंशी चित्रं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायची.

“ताई, आईसाठी बाई ठेवू. मी पैसे पाठवीन ना!”

“पाठव की,” थोरली म्हणाली. “छान झालं.”

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी थोरलीने धाकटीच्या नावाचा पासवर्ड बदलला. शेवटचा आकडा सातचा आठ केला. एवढंच. केसाने गळा कापायला इतकंच लागतं. पलंगावरून आई बघत होती. थोरलीने वळून तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि कामाला लागली.

अकरा वाजता वरून धाकटीने दार ठोठावलं. मी म्हणालो, पासवर्ड चुकीचा आहे. तिने पुन्हा टाकला. मी पुन्हा तेच म्हणालो. मित्रांनो, मला ती माणूस म्हणून ओळखू येत नव्हती. मला आकडा ओळखू येतो. तिचे तीन वर्षांचे भुंगे माझ्या पोटात होते आणि तिला मी उंबऱ्यावर उभं केलं.

“ताई, मशीन आत घेत नाहीये गं.”

“नेट खराब असेल. बंद करून परत चालू कर.”

तिने केलं. दोनदा, पाचदा. राउटरची पिन काढून मनात तीस आकडे मोजायची आणि लावायची. थोरली खालून विचारायची, “झालं का गं?” आणि वरून “नाही” आलं की पुढचं काम सांगायची. तार उलटी लावून बघ. लॅपटॉपचं नाव बदलून बघ. धाकटी एकेक करत गेली. तिच्या चपलांचा आवाज छतावरून इकडून तिकडे फिरत राहिला आणि थोरलीचे रिपोर्ट झरझर टाइप होत राहिले.

बुधवारी थोरली म्हणाली, “तूच पासवर्ड विसरली असशील. हल्ली तुझं डोकं असतं कुठे?”

“बाबांनी ठेवलेला पासवर्ड मी कशी विसरेन?” धाकटी म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. त्या रात्रीपासून ती कागदावर आकडे लिहून ताडून पाहू लागली. स्वतःवरचा विश्वास असा कागदावर उतरवावा लागला की समजावं, माणूस निम्मा संपला.

“मग मी खाली बसून फोल्डर उतरवून घेते ना,” ती म्हणाली.

“दवाखान्याची कामं उघडी आहेत. लोकांचे आजार दुसऱ्याला दाखवता येत नाहीत. पेन ड्राइव्ह दे, मीच घालून देते.”

पेन ड्राइव्हमध्ये थोरलीने फोल्डर घातला नाही, फोल्डरकडे जाणारा नुसता बाण, म्हणजे शॉर्टकट, घातला. धाकटीने वर जाऊन तो उघडला. बाण तिला माझ्याच दारात घेऊन आला आणि मी तिला तेच उत्तर दिलं.

गुरुवारी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वरचं सगळं तपासलं आणि खाली येऊन उंबऱ्यात उभा राहिला.

“दोन्ही मशीन एकमेकांना चांगली दिसतायत. फक्त पासवर्ड जुळत नाही. खाली दोन मिनिटं बसलो तर नवा टाकून देतो. आणि का जुळत नाही तेही कळेल. मशीन सगळं लिहून ठेवतं, कुणी कधी काय केलं ते.”

आईने डावा हात उचलला. माझ्याकडे बोट केलं, मग थोरलीकडे. घशातून आवाज काढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बघा, तिला गर्दी सोसत नाही,” थोरली म्हणाली. “सोमवारी या.”

धाकटीने आईच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. आईने तो डाव्या हाताने उडवला. “असं काय करतेस गं आई?” म्हणत धाकटीने फरशी पुसली आणि वर गेली.

शुक्रवारी तिने कागदावरच्या अर्धवट चित्रांचे मोबाइलने फोटो काढून पाठवले. तिकडून एका ओळीत उत्तर आलं, पूर्ण चित्रंच हवीत. पाच वाजले. त्यानंतर माझं दार कुणी ठोठावलं नाही. पाच चाळीसला थोरलीने आठचा पुन्हा सात केला आणि हाक मारली, “अगं, आता बघ बरं!”

मी लगेच उघडलो. ऐंशीच्या ऐंशी कीटक जागच्या जागी होते. धाकटी खाली आली, तिने थोरलीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. “ताई, चार दिवस तू किती खटपट केलीस माझ्यासाठी,” म्हणाली आणि तिच्यासाठी चहा करायला गेली. थोरलीने तो चहा प्यायला. मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी थोरली औषधं आणायला बाहेर गेली. आईने धाकटीचा पदर धरला आणि ओढून ओढून तिला माझ्यासमोर बसवलं. तेव्हा कुठे तिला दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवलं. तिने माझी नोंदवही उघडली. मी काही लपवलं नाही. मंगळवार, दहा वीस, पासवर्ड बदलला. शुक्रवार, पाच चाळीस, पासवर्ड बदलला. मध्ये एकसष्ट वेळा नकार. पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला कुणी विचारत नाही, फक्त बंद करून चालू करतात.

धाकटी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. महिन्याभरात एका छापखान्यात मिळेल ती नोकरी धरून ती परगावी गेली.

त्यानंतर आई दोन चमच्यांपुढे खायला तोंड उघडेना. दाराकडे बघत पडून राहायची. थोरलीने तिचे केस विंचरले, तिला उशीला टेकवून माझ्या पडद्यासमोर बसवलं आणि धाकटीला फोन लावला. आवाज आला, चेहरा नाही.

“आई समोर बसलीय गं. पण तू दिसत नाहीयेस.”

“दिसत नाही का? नेट खराब असेल ताई. बंद करून परत चालू कर.”

थोरलीने मला बंद केलं, चालू केलं. पुन्हा फोन लावला.

“अजून नाही? तार उलटी लावून बघ.”

तिने तारही उलटी लावली. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा धाकटी म्हणाली, “पासवर्ड तर विसरली नाहीस ना? हल्ली तुझं डोकं असतं कुठे?” थोरलीचा हात माझ्या बटणावर तसाच राहिला. मागे आई काळ्या पडद्याला डावा हात दाखवत बसली होती. ती रोज बसायची. थोरली रोज मला बंद करून चालू करायची, आता जाणूनबुजून, शिक्षा भोगल्यासारखी. अडतीस दिवस हे चाललं. एकोणचाळिसाव्या दिवशी उशीला टेकवायला आई नव्हती.

मित्रांनो, आमच्या जातीच्या म्हाताऱ्यांनी शेवटी विनवणी करायची असते. आमची धूळ पुसा, आम्हाला उन्हात ठेवू नका, वगैरे. ते करा किंवा करू नका. मला एवढंच सांगायचं आहे. कुणाला दार बंद करायचंच असेल, तर खुशाल तोंडावर बंद करा. बिघाड झालाय असं सांगू नका. बिघाड मी ओळखतो. त्या घरात एकही नव्हता.