आष्टीच्या अलीकडचा चहा

हेमराजने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, ताई, दुसरी गाडी घ्या. मित्राची सुमो मिळवून देतो, भाडं तेवढंच. ही अँबेसेडर गावातल्या गावात ठीक, मे महिन्यात आलापल्लीपर्यंत नेण्याजोगी नाही. नाहीदने सगळं ऐकून घेतलं आणि हीच गाडी हवी म्हणाली. बापाची गाडी म्हणून जीव गुंतला असेल, असं त्याला वाटलं. तेही खोटं नव्हतं, पण कारण वेगळं होतं.

बावीस वर्षं वापरलेली ही गाडी तिच्या अब्बांनी आजारपणात हेमराजला विकली. तो गोंडपिपरीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. ही गाडी तो चंद्रपुरात भाड्याने फिरवू लागला. डिसेंबरात अब्बा गेले तेव्हा नाहीद मस्कतला शाळेत शिकवत होती आणि तिला रजा मिळाली नाही. जनाज्याची हकीकत भावाने, सलमानने, फोनवर सांगितली. नमाजाआधी रिवाजाप्रमाणे त्याने जमलेल्यांना विनवलं, माझ्या वडिलांकडून कुणाचं काही चुकलं असेल तर माफ करा. अशा वेळी लोक मनातल्या मनात माफ करतात, फार तर पुटपुटतात. मागे उभ्या असलेल्या हेमराजला हे ठाऊक नव्हतं. काय माफ करतो ते सांगावं लागत असेल असं त्याला वाटलं, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडीचं माफ केलं मी."

सलमान हे सांगताना थोडा हसला होता. नाहीदला पाच महिन्यांत त्याचं हसू आलं नव्हतं.

अब्बा, म्हणजे कापडवाले बाबूभाई, कात्री लावण्याआधी ठाण उजेडात धरायचे. कुठे धागा तुटलेला असेल, डाग असेल, तर गिऱ्हाइकाचं बोट त्यावर नेऊन ठेवायचे. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं उठून गेली. अशा माणसाने गाडीतलं काय लपवलं होतं? सुट्टीचे आठच दिवस उरले होते. अम्मीची इद्दत, नवरा गेल्यावर घरातच राहायचे चार महिने दहा दिवस, संपली होती. तिला माहेरी, आलापल्लीला, न्यायचं निमित्त सापडलं.

गोंडपिपरीच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा बंद पडली. पुढे काही मैलांवर दुसऱ्यांदा. आष्टीचा पूल हाकेच्या अंतरावर राहिला आणि तिसऱ्यांदा. दर वेळी तेच. इंजिन दोनतीनदा ठसकायचं, गाडी आचके द्यायची आणि गप्प व्हायची. हेमराज बॉनेट उघडून, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकायचा, वर कॅनमधलं पाणी ओतायचा आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. बाजूच्या शेतात तेंदूपत्त्याच्या जुड्या वाळत घातल्या होत्या. नाहीदचा कुर्ता पाठीला चिकटला होता. कंटाळा येण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

ती हेमराजजवळ गेली आणि त्याने तेव्हा काय माफ केलं, हे सरळ विचारलं.

तो फडकं पिळत राहिला. गेलेल्या माणसाचं कशाला काढता, म्हणाला. नाहीद म्हणाली, ते ऐकण्यासाठीच ही गाडी घेतली आहे. मग त्याने सांगितलं. गाडी घेतली त्याच उन्हाळ्यात लग्नाची सवारी मिळाली होती. नवरदेवाला घेऊन निघाला आणि गाडी अशीच वाटेत तीनदा बसली. मुहूर्त टळला. नवरदेवाच्या मामाने मांडवाच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर, हेमराजच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तो भांडायला बाबूभाईंच्या घरी गेला. पाहतो तर ते खाटेवर, नाकात नळी. भांडण तोंडातच राहिलं.

"मलेच विचारते, गाडी बरी चालते ना बेटा? मी म्हटलं, चालते. तं म्हणते, चहाले थांबतं ना?" हेमराजने फडकं पुन्हा पंपावर ठेवलं. "माझा गाल तिकडं सुजून राह्यला होता, ताई, आन् चाचाले चहाची पडली होती."

नाहीदने मान वळवली. अम्मी केव्हाच उतरून मोहाच्या झाडाखाली बसली होती. पुढ्यात थर्मास आणि तीन कप. तिसरा कप तिने घरूनच घेतला होता. तिन्ही वेळा गाडी थांबली आणि अम्मीने एकदाही काय झालं म्हणून विचारलं नव्हतं, हे नाहीदच्या आता लक्षात आलं.

विचारल्यावर अम्मी म्हणाली की तुझे अब्बा दर उन्हाळ्यात इथेच थांबायचे. मग हेमराजकडे पाहून तिने त्याला समजेल असं, त्याच्याच बोलीत सांगितलं, "पंप बदलून काई होत नाई. आमी दोनदा बदलला. तिले थंड होऊ द्या लागते, बस."

"मी बी दोनदा बदलला, चाची," हेमराज म्हणाला.

नाहीदला हे झाड आठवलं. अब्बा गाडी बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, चला, चहा. तिच्या हातात वाचनालयातलं पुस्तक द्यायचे, इथपासून इथपर्यंत मोठ्याने वाच. एवढ्या वर्षांत ती जे काही वाचत आली त्याची सुरुवात या सीटवर, या थांब्यांवर झाली होती. वडील हौशी आहेत, असंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. गाडी तापते, हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

"किल्ली देताना ते काही बोलले होते?" तिने विचारलं.

हेमराज आठवत राहिला. "बोलले ना. गोंडपिपरीत एक चहा घेजो, आष्टीच्या अलीकडं मोहाखाली एक. घाई करू नको म्हणे. मले वाटलं, म्हातारं माणूस, आपल्या जुन्या गोष्टी सांगून राह्यलं." बोलता बोलता त्याचा हात पंपावरच थांबला.

कापडातला डाग अब्बांना दिसे, कारण ठाण दर वेळी नवं असे. या गाडीसोबत बावीस उन्हाळे गेले होते. तिचा दोष त्यांना रस्त्याचाच एक भाग वाटू लागला असेल. किंवा तसं नसेलही. सरळ सांगितलं तर गाडी खपणार नाही, म्हणून त्यांनी चहाचं नाव घेतलं असेल. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटल्या, आणि आता विचारायला कुणी नव्हतं.

"त्यांनी सरळ सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," हेमराज म्हणाला. ती दुखावली का, हे पाहायला त्याने मान वर केली. मग म्हणाला, पण सांगितलंच नाही असंही नाही. मला समजलं नाही.

"हेमराजभाऊ, बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी तर तेव्हा देशातही नव्हते. तुम्ही म्हणालात ते मी ऐकलेलं नाही."

हे ऐकून तो ओशाळला. हात पँटला पुसले. मोहाखाली अम्मी कप हातात धरून दोघांकडे बघत होती.

"गाडीचं माफ केलं मी," तो म्हणाला. या वेळी हळू.

नाहीदने मान हलवली. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि ती जाऊन अम्मीजवळ सावलीत बसली. हेमराज दार उघडून किल्ली फिरवायला निघाला, तेव्हा अम्मीने तिसरा कप त्याच्यासाठी पुढे सरकवला आणि अजून दहा मिनिटं तरी लागतील, असं सांगितलं.